हौसेची गरिबी

फाल्गुन उतरणीला लागला की झाशी स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या माणसांची चाल बदलते. एरवी इथे उतरणारे किल्ला बघायला आलेले असतात, ओरछ्यासाठी रिक्षा ठरवत असतात, नाहीतर कचेरीच्या कामाचे असतात. पण या दिवसांत मुंबई-सुरतेकडच्या गाड्यांतून जे उतरतात ते इकडेतिकडे बघत नाहीत. डोक्यावर गोणी, गोणीत भांडी, हातात प्लास्टिकची बादली आणि बादलीत कोंबलेले कपडे, कडेवर झोपलेलं मूल. ही चैत कापायला आलेली माणसं. आमच्याकडे गव्हाच्या कापणीलाच चैत म्हणतात. वर्षभर दुसऱ्यांच्या इमारती उभ्या करायच्या आणि चैताला आपल्या चार बिघ्यांत परत यायचं, असा इथल्या कितीतरी घरांचा शिरस्ता आहे.

माझं ऑफिस बस स्टँडच्या वाटेवर आहे. सकाळी स्कूटरवरून जाताना एरच, मोठ, गरौठा अशा पाट्यांच्या बसभोवती ही माणसं दिसतात आणि माझा वेग आपोआप कमी होतो. मागून कुणीतरी हॉर्न देतं. मी चेहरे बघत असते. ओळखीचा चेहरा सापडावा असं वाटतं, आणि सापडला तर काय करू तेही ठरत नाही. कडुनिंबाला नवी तांबूस पालवी आलेली असते, हवेत भुसा आणि मोहाचा गोडसर वास असतो. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, सुटायला अजून अवकाश असतो. वर्षातले हे सगळ्यात सुंदर दिवस. आणि नेमके याच दिवसांत माझे कान तापतात.

त्याचं कारण घडलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नुकती नोकरी लागलेली, हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा, आणि मोबाइलमध्ये एकट्यानं फिरणाऱ्या मुलामुलींचे व्हिडिओ. पाठीवर एक पिशवी, अंगावर दोन कपडे, कुठेही झोपायचं, मिळेल ते खायचं. जितका खर्च कमी तितकी शाबासकी जास्त. मला त्या मुलींचा हेवा वाटे. दतिया गेटच्या आमच्या गल्लीत भाजी आणायला गेलं तरी तीन घरांतून 'बेटा, कहाँ?' अशी चौकशी होते. कुणी काही न विचारता आपण कुठेतरी चालत राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

शहर निवडलं मुंबई. त्यालाही कारण होतं. झाशीत आम्हाला अजून 'दक्षिणी' म्हणतात. सात-आठ पिढ्या इथल्या मातीत गेल्या तरी आम्ही दक्षिणीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, भाजीवालीशी बुंदेली. लहानपणी कुणी चिडवलं की बाबा म्हणायचे, "आपलं एक मोठं शहर आहे, समुद्रावर. तिथे सगळे आपल्यासारखं बोलतात." बाबा स्वतः कधी तिथे गेले नव्हते. सगळी नोकरी वीजयंत्रांच्या सरकारी कारखान्यात हिशेब तपासण्यात गेली. मी एकटी जाते म्हटल्यावर आई नको म्हणत होती, पण बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला. परक्या गावी थोडीच चाललीये."

मग मी निघाले. मुलींसाठी एका खोलीत आठ पलंग असलेलं एक स्वस्त वसतिगृह शोधलं होतं. पहिले दोन दिवस मी नुसती चालले. वरळीच्या कोळीवाड्यातली सुकत घातलेली जाळी, गिरगावातल्या जिन्यांचे लाकडी कठडे, फोर्टातल्या दगडी कमानींखालची गार सावली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बरुआसागरचा तलाव आठवला आणि माझं मलाच हसू आलं. आमच्याकडे पाण्याला पलीकडचा काठ असतो. इथे नव्हता. किती वेळ तरी मी तो शोधत उभी राहिले.

दुपारी केळी, रात्री पाव. बसऐवजी पाय. रात्री पलंगावर पडून मी माझ्या काटकसरीचे फोटो मैत्रिणींना पाठवायची आणि त्या झाशीहून लिहायच्या, 'क्या बात है!' मला खरोखर आपण काहीतरी मिळवतोय असं वाटत होतं. भूक लागल्यावर न खाणं ही एक मौज असते. जेव्हा हवं तेव्हा खाता येत असतं, तेव्हाच.

तिसऱ्या दिवशी चपलेनं घोट्याखाली पाय कापला. ऊन चढलं होतं. गिरगावात एका वड्याच्या टपरीपाशी मी थांबले आणि मोठ्या उत्साहानं मराठीत म्हणाले, "काका, एक फुलपात्र पाणी मिळेल काय? मी सकाळची चालून राहिली आहे."

काकांनी झारा हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "काय मिळेल?"

"फुलपात्र. पाणी प्यायला."

बाकावर बसलेले एक गृहस्थ हसत म्हणाले, "अहो, अर्धी पेशवाई आणि अर्धी भैय्या! कुठल्या तुम्ही?"

"झाशीच्या. आम्ही मराठीच आहोत."

"मग हिंदीतच बोला बाई, सोपं जाईल. आम्हालाही आणि मराठीलाही."

सगळे हसले. त्यात दुष्टपणा काही नव्हता. काकांनी ग्लास विसळून पाणी दिलं, 'आणखी घ्या' म्हणाले. मीही हसले. आमच्या घरात पणजीपासून जपलेला तो शब्द आणि बाबांच्या कारखान्यातून, शाळेतून, बाजारातून जिभेला चिकटलेली ती क्रियापदं यांचा असा विनोद होत असेल हे मला कधी कळलंच नव्हतं. वळणापर्यंत मी नीट चालत गेले. वळल्यावर रडू आलं. बाबांचं ते समुद्रावरचं शहर मला पाणी देत होतं, पण पाहुणी म्हणून. आता बाबांना जाऊन काय सांगायचं, याची मला लाज वाटत होती.

त्याच तंद्रीत चालत चालत मी एका गुरुद्वाऱ्यापाशी पोचले. लंगर चालू होतं. व्हिडिओंमधल्या मुली अशा ठिकाणी आवर्जून जेवतात. माझ्याही मनात पहिल्या दिवसापासून होतंच. हातपाय धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि पंगतीत बसले. लंगर सगळ्यांसाठी असतं, राजासाठी आणि रंकासाठीही. मी दोन्ही हात पसरून रोटी घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी खाली मान घालून भराभर जेवू लागले. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, नाक उन्हानं सोललेलं, पायाला रक्त, आणि पाठीमागे भलीमोठी पिशवी.

शेजारून आवाज आला, "काए, धीरें खाओ. और मिलहै."

बुंदेली! मी वळून पाहिलं. साधारण चाळिशीची एक बाई, हिरवी साडी, केस सिमेंटच्या धुळीनं कायमचे राठ झालेले. आणि मी, जिला तासापूर्वी स्वतःच्या भाषेनं ओळख दिली नव्हती, ती आनंदानं त्या दुसऱ्या भाषेत बोलून गेले, "तुम कितै की हौ?"

तिचा घास हातातच राहिला. "एरच के. तुम?"

"झाँसी. दतिया गेट."

"अरी मोरी बिन्नू!" ती म्हणाली. आमच्याकडे लेकीला, बहिणीला लाडानं बिन्नू म्हणतात. तिनं पलीकडच्या दोन बायांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पलीकडच्यांना. पंगतीतल्या चार-पाच जणी वाकून माझ्याकडे बघू लागल्या. टीकमगढच्या, ललितपूरच्या. सगळ्या एकाच बांधकामावरच्या. त्या आठवड्यात माल आला नव्हता, बायकांचं काम बंद होतं, म्हणून दुपारचं जेवण इथे.

तिचं नाव सियारानी. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "घर से रिसा कें आईं का?"

म्हणजे घरातून भांडून, रुसून आलीस का.

"नईं," मी म्हणाले, "घूमबे आई हौं."

"कौन के संगै?"

"अकेली."

तिनं मान हलवली. माझ्या ताटात स्वतःची एक रोटी ठेवली.

मला आता कळतं की त्याच क्षणी तिनं माझं काय ते ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षांची पोर, एकटी, रडलेली, उपाशी, परमुलखात लंगरात जेवतेय आणि म्हणते फिरायला आले. मी तिला एक शब्द खोटं बोलले नव्हते. पण खरं असं होतं की त्यावर विश्वास ठेवायला तिच्या जगात जागाच नव्हती.

ती मला घरी घेऊन गेली. मी गेले, कारण मला कुणीतरी न्यावं असं वाटत होतं. शिवडीकडे एका अर्ध्या उभ्या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. आत चूल नव्हती, गॅसची छोटी शेगडी होती. दोरीवर कपडे, भिंतीला देवीचं कॅलेंडर, कोपऱ्यात गोणीत बांधून ठेवलेली भांडी. चैताला निघायची तयारी. सियारानीनं माझा पाय मांडीवर घेऊन धुतला. मी ओढू लागले तर तिनं घोटा घट्ट धरला. "चुप्प बैठो." हळद तेलात कालवून लावली, चिंधी बांधली, चहा दिला. मग सतरंजीवर आडवी हो म्हणाली. पत्रा तापलेला, बाहेर कुठेतरी लोखंड कापल्याचा आवाज, आणि तरी मला अशी झोप लागली जशी वसतिगृहाच्या पंख्याखाली एकदाही लागली नव्हती.

जाग आली तेव्हा खोलीत सभा भरली होती. शेजारच्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आपापसात माझा निकाल लावून ठेवला होता, फक्त कलम कोणतं ते ठरायचं होतं.

"आदमी ने निकार दओ?" एकीनं हळूच विचारलं. नवऱ्यानं हाकललं का.

"ब्याव नईं भओ," मी म्हणाले. लग्न झालं नाही म्हटल्यावर सगळ्या आणखीनच गंभीर झाल्या.

मी समजावायला लागले. मला नोकरी आहे. सुटी काढून आलेय. राहायला जागा आहे, परतीचं तिकीट आहे. मोबाइलमधले समुद्राचे फोटो दाखवले. त्या 'हओ, हओ' करत राहिल्या. हो गं, हो. इतक्या मायेनं त्या माझं खोटं ऐकून घेत होत्या की मीच अडखळायला लागले. बोलता बोलता माझं खरं मलाच खोटं वाटायला लागलं. शेवटी सियारानी म्हणाली, "ठीक है बिन्नू. नईं बताने तो नईं बताओ. चलो, बासन मांज लो मोरे संगै." मी तिच्याबरोबर नळावर भांडी घासली. तिनं शेजारणीकडून वाटीभर तूप आणलं होतं. गावची पोर आलीय म्हणून आज पुऱ्या.

संध्याकाळी तिचा नवरा आला. रामसेवक. उंच, किडकिडीत, बोलताना खाली बघणारा माणूस. बायकांचं काम बंद असलं तरी त्याला पलीकडच्या इमारतीत सेंटरिंगचं काम मिळालं होतं. मी झोपले असताना सियारानीनं त्याला फोन केला होता. त्यानं हात धुतले, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बिन्नू, चिंता नईं करने. काल भोर की गाड़ी से हम औरें निकर चलहैं. तुमें घर पोंचा कें फिर एरच जैहैं."

उद्या पहाटेच्या गाडीनं निघू, तुला घरी पोचवू, मग आम्ही गावी जाऊ.

"पण तुमचं जाणं तर दोन आठवड्यांनी होतं," मी बुंदेलीत म्हणाले. सियारानीनंच सांगितलं होतं.

"होत है," तो म्हणाला. असं होतं कधी कधी. "मुकादम से कै आए. भानजी मुसीबत में है, कल से नईं आहैं."

भाची अडचणीत आहे, उद्यापासून येणार नाही, असं मुकादमाला सांगून आला होता. मुकादमानं तिथल्या तिथे दुसरा माणूस लावलाही होता. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. रस्त्यात पाऊस लागला असं सांगावं तसं सांगितलं. मी म्हणाले, आधी माझ्या वडिलांशी बोला. आता, लगेच बोला.

मी बाबांना फोन लावून त्याच्या हातात दिला. रामसेवकनं तो दोन्ही हातांनी कानाला धरला. "बाबूजी, राम राम. हम एरच के हैं. मोड़ी हमाए पास है, बिल्कुल ठीक है. गुस्सा नईं करियो बा पै. हम लै आ रए."

मुलगी आमच्याजवळ आहे, तिच्यावर रागावू नका, आम्ही घेऊन येतोय, एवढंच बाबांच्या कानावर पडलं. त्यांचा मोठा झालेला आवाज मला बाहेर ऐकू आला. मी फोन घेतला आणि मराठीत भडाभडा सगळं सांगितलं. मी ठीक आहे, पाय कापलाय, या लोकांचा गैरसमज झालाय, तुम्ही यांना सांगा. मी बोलत होते आणि बाया एकमेकींकडे बघत होत्या. ही कोणती भाषा, पोर आपल्यापासून काय लपवतेय. बाबा म्हणाले, "दे त्यांच्याकडे."

बाबा काय बोलले ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ते म्हणाले होते, "भैया, वो सचमुच घूमने ही गई है. मैंने ही भेजा है. नौकरी करती है, सुट्टी लेकर गई है." एवढंच. बापानं सांगितलं म्हटल्यावर विश्वास ठेवावाच लागला.

रामसेवक 'जी' म्हणाला. पुन्हा 'जी' म्हणाला. फोन माझ्या हातात परत देताना त्यानं तो आधी शर्टाला पुसला. आणि उठून उभा राहिला. मी खाली बसलेली होते, तो मोठ्या घरच्या पाहुण्यासमोर उभं राहतात तसा उभा राहिला.

"माफ करियो मैडम जी," तो म्हणाला. "हम समझे नईं."

मला आयुष्यात पुष्कळदा अपमान वाटलाय, पण त्या 'मैडम जी'सारखा कधी नाही. आणि तो अपमान त्यानं केलेला नव्हता. माझ्या सोललेल्या नाकाची, विस्कटलेल्या केसांची, कमी खर्चाच्या माझ्या त्या सगळ्या ऐटीची किंमत एका माणसानं आपली कामावरची जागा देऊन चुकवली होती, आणि वर माफी तोच मागत होता.

शेजारच्या बाया एकेक करून उठल्या. सियारानी कढईपाशी बसलेली होती, पुरी तळली जात होती. तिनं ती पुरी काढली, आच मंद केली आणि माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

"तो फिर आपने लंगर में काए खाओ?"

मग तुम्ही लंगरात का जेवलात. तासापूर्वी 'तुम' म्हणत होती.

मी म्हणू शकले असते की लंगर सर्वांसाठी असतं. ते खरंही होतं. मी म्हणू शकले असते की मला तिथे शांत वाटतं. पण तिचे डोळे माझ्यावर होते. "ऐसेई," मी म्हणाले. असंच.

तिनं मान डोलावली. पुऱ्या वाढल्या. आता मला स्टीलचं ताट दिलं होतं, खाली सतरंजीची घडी घातली होती, आणि ती दोघं माझं होईपर्यंत जेवायला बसली नाहीत. मी एकेक घास गिळला. नको म्हणणं आणखी वाईट झालं असतं.

निघताना मी पिशवीला हात घातला, त्याआधीच सियारानीनं ती उचलून डोक्यावर घेतली. मी ओढली. ती म्हणाली, "रान दो, आप को पांव दुखत." तुमचा पाय दुखतोय, राहू द्या. दुपारी त्याच पायाला तिनं घट्ट धरून 'चुप्प बैठो' म्हटलं होतं. बस थांब्यापर्यंत ती पुढे आणि मी मागे. रस्त्याच्या दिव्यांत माझी ती निळी, अनेक कप्प्यांची, ऐटबाज पिशवी तिच्या डोक्यावर डोलत होती. समोरून येणाऱ्या माणसांना बाई आणि तिची हमाल दिसत असणार. दोनदा मी म्हणाले, "द्या ना." दोनदा ती म्हणाली, "अब आई गओ." हे काय, आलंच. बस आली तेव्हा तिनं पिशवी माझ्या पाठीवर चढवली, पट्टे सरळ केले आणि पदरानं स्वतःचं तोंड पुसलं. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं चटकन हात जोडून नमस्कार केला.

पुढचे दोन दिवस मी मुंबईत होते. काय पाहिलं ते आठवत नाही. समुद्राच्या कठड्यावर बसले होते एवढं आठवतं, आणि एक उंदीर दगडांमधून सारखा वरखाली करत होता. मैत्रिणींना फोटो पाठवले नाहीत. शेवटच्या दिवशी शिवडीच्या त्या खोलीपाशी पुन्हा गेले. कुलूप नव्हतंच, आत कुणा दुसऱ्याची सतरंजी होती. शेजारची बाई म्हणाली, "बे तो गए." इमारतीवर काम जोरात चाललं होतं. माल आला होता.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. फुलपात्राचंही सांगितलं. वाटलं होतं, त्याचं त्यांना वाईट वाटेल. पण ते त्यावर हसले, म्हणाले, "आमच्या कारखान्यात नागपूरचे साहेब होते, तेही हसायचे." रामसेवकच्या जागेचं सांगितलं तेव्हा मात्र ते हसायचे थांबले. चष्मा काढून बराच वेळ काच पुसत बसले. "फोनवर मी आणखी काही बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "त्या माणसानं माझ्या मुलीला आपली मानली, आणि मी त्याला काय सांगितलं? की ती तुझ्यातली नाही."

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही खरं तेच सांगितलंत."

"तेच तर," बाबा म्हणाले.

चैत भरात असताना आम्ही दोघं एरचला गेलो. बाबांनी साडी घेतली, धोतरजोडी घेतली, पेढे घेतले. मग बसमध्ये सारखं म्हणू लागले, हे फार झालं का, कमी झालं का. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, पेंढ्यांचे ढीग, मध्येच एखादा पळस. एरचला बेतवा नदी आडवी येते, वाळूतून निळी रेघ ओढल्यासारखी. रामसेवकचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो खळ्यावरून धावत आला, अंगावर भुसा. खाटेवर नवी चादर अंथरली गेली. गूळ आला, पाणी आलं. बाबा हात जोडून म्हणाले, "आपने बहुत किया." रामसेवक इतका संकोचला की कुठे बघावं ते त्याला कळेना. "अरे पंडितजी, का कर दओ हमने?" मी काय केलं, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. कामाचं काय झालं विचारलं तर म्हणाला, मिळेल, चैतानंतर सुरतेला जातोय. बाबांनी ओळखीच्या एका ठेकेदाराचं नाव काढलं. तो 'जी' म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं की तो तिथे जाणार नाही.

सियारानी डोक्यावरून पदर घेऊन स्वयंपाकाच्या ओसरीत होती. मी तिच्यामागे गेले तर म्हणाली, "इतै धुआँ है, आप उतै बैठो." तिकडे न जाता मी तिथेच बसले. तिनं माझ्याखाली पाट सरकवला. मी विचारत गेले, ती उत्तरं देत गेली, सगळी नीट, आदरानं. दारात तिची मुलगी उभी होती, कांती, बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. आईबाप मुंबईत असताना ती इथे आजीजवळ राहून शिकत होती. तिनं माझ्यावरची नजर हलवली नाही. माझे बूट, माझं घड्याळ, मी पाटावर मांडी कशी घातलीय तेसुद्धा ती बघत होती. पुढच्याच चैतात तिचं लग्न झालं. पत्रिका बाबांच्या नावानं आली होती. मला ऑफिसात वर्षअखेरीचं काम होतं. आम्ही आहेर पाठवला. आता ती सुरतेजवळ कुठेतरी असते, असं ऐकलं.

दरवर्षी या दिवसांत मी स्वतःला सांगते की एरच काही लांब नाही. सकाळची बस पकडली तर दुपारी परत येता येतं. मी गेलेले नाही. तिथे गेले तर पुन्हा खाट टाकली जाईल, नवी चादर येईल, धुरातून उठून ती मला उतै बसा म्हणेल, आणि मी उतै बसेन. बाबा आता थकलेत. ते कधी कधी विचारतात, "ती तुझी सियारानी कशी आहे?" मी म्हणते, "बरी असेल." त्या 'असेल'मध्ये माझी सगळी वर्षं आहेत.

त्या दिवशी ती आम्हाला बसपर्यंत सोडायला आली होती. रामसेवक आणि बाबा पुढे बोलत चालले होते. बस उभी होती, टपावर कुणी गव्हाची पोती चढवत होतं. सियारानी माझ्या अगदी जवळ आली. पदर दातांत धरून, पुरुषांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तिनं विचारलं,

"काए, हमाई कांती जाए तो? ऐसेई. अकेली. कछू काम नईं, बस देखबे के लाने. जा सकत है?"

कांती अशीच, एकटी, नुसतं बघायला जाऊ शकेल का. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं हा प्रश्न किती दिवस मनात वागवला असेल कुणास ठाऊक. शिवडीहून एरचपर्यंत गाडीत, खळ्यावर, आत्ता चुलीपाशीही. कुठे जायचं, कशी जाणार, कोण पाठवणार, परत आल्यावर गाव काय म्हणेल, हे सगळं माझ्याहून तिला जास्त ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं होतं, आणि मला विचारलं होतं.

"हओ," मी म्हणाले. "काए नईं? जा सकत है."

माझा आवाज मला ऐकू आला. छान, उत्साही आवाज होता.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हसली, थोडंसं, आणि माझ्या ओढणीला लागलेला भुसा दोन बोटांनी काढून टाकला.

"बैठ जाओ," ती म्हणाली, "बस छूट जैहै."